गादीवरचा चहा

"गेल्या महिन्यात आजार तुमच्या कामाच्या आड आला का?" डायलिसिसच्या खाटेशी बसून सुरुचीने विचारलं. आजारामुळे पेशंटचं जगणं किती अडतं, याचा ती अभ्यास करत होती. अडचण जितकी कमी, तितके गुण जास्त.

"न्हाई," मांगीलालजी म्हणाले. "दुकानात जातच न्हाई, मंग आड कशाच्या येणार?"

शेजारच्या खाटेवरून काकासाहेब म्हणाले, "शेठ, तुम्ही वकीलच व्हायचं होतं."

सुरुचीला हसू आलं. तिने त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मांडले, मग सहज विचारलं, का जात नाही?

जुन्या जालन्यात त्यांचं कापडाचं दुकान. मंठ्याकडची माणसं लग्नाचा बस्ता बांधायला त्यांच्याच गादीवर येत. चहा आल्याशिवाय कापड उलगडायचं नाही आणि शेठजींनी कप उचलल्याशिवाय गिऱ्हाइकाने उचलायचा नाही, अशी रीत. मूत्रपिंडं थकली आणि डॉक्टरांनी दिवसाचं पाणी तांब्याभरावर आणलं. त्यात एवढे चहा कुठून बसवायचे? गिऱ्हाइकासमोर "मला नको" म्हणायला जीभ वळेना. एका सकाळी थकव्याचं निमित्त करून ते घरी राहिले, ते राहिलेच. मुलाने, रजतने, आराम मिळावा म्हणून गादीवरचा त्यांचा लोडही घरी आणून दिला. त्याला टेकून ते दिवसभर भिंतीकडे बघत.

न्यायला आलेला रजत खाटेच्या पायथ्याशी उभा राहून ऐकत होता.

"बाबूजी, एवढीशीच गोष्ट होती?"

"एवढीशी आहे का ती?"

दोन दिवसांनी रजतने स्कूटरवर पुढे लोड ठेवला, मागे वडिलांना बसवलं. निघताना पानबाईंनी नवऱ्याच्या हातात चांदीची वाटी दिली, नातवाला बाळघुटी पाजायची ती, घोटभर मावणारी. दुकानात गिऱ्हाईक आलं, चहा आला. मांगीलालजींनी वाटीला ओठ लावले.

"घ्या. माझा झाला."

गिऱ्हाइकाने वाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. काही न विचारता कप उचलला. कापड उलगडलं गेलं.

काही महिन्यांनी सुरुचीने तोच प्रश्न विचारला.

"येतो की. रोज आड येतो. सुयांचा हात भरून येतो, दोन लुगडी उलगडली की दम लागतो, घसा सुकतो."

गुण मागच्यापेक्षा खाली आले होते. सुरुचीने बेरीज पुन्हा केली. तेवढीच आली. ती खाटेवरच्या माणसाकडे बघत राहिली.

"जल्दी टिप, बेटी," मांगीलालजी डोळे मिटत म्हणाले. "उद्या मंठ्याचा बस्ता आहे. जरा झोपून घेतो."