तात्यांची वजावट

कुणी नवं घर बांधलं की लोक विचारतात, खोल्या किती, विहिरीला पाणी कसं. आमचे तात्या विचारायचे, "व्याज किती भरतंस? आणि वजावट घेतलंस काय नाय?" तेही वास्तुशांतीच्या पंगतीत, पानात गरम वडे पडत असताना. कर्जाची आठवण होऊन यजमानाचा चेहरा पडायचा. मग तात्याच त्याला धीर द्यायचे, "आरे, व्याजाचा वायट वाटून घेव नको, ता उत्पन्नातून वजा होता."

कुडाळजवळच्या आमच्या हायस्कुलात ते हेडक्लार्क. वर्ष संपत आलं की आम्ही शिक्षक घराचे कागद घेऊन त्यांच्या टेबलाभोवती जमायचो. नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही हे कळलं, तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखा त्यांनी पुढ्यातला डबा बंद केला. "वजावट नसलेलो कर म्हणजे बिनमिठाची सोलकढी," एवढंच म्हणाले. जुनी पद्धत मागून घेता येते हे समजल्यावर त्यांची भूक परत आली.

खोटेपणा मात्र त्यांना चालत नसे. आमच्या चित्रकलेच्या सरांनी एकदा घरभाड्याची पावती आणली, खाली सही त्यांच्याच बायकोची. तात्यांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. "बायलेक भाडा देतंस? देताना माका एकदा दाखय." सरांनी पावती खिशात घातली.

गंमत अशी की आम्हा सगळ्यांच्या पदरात वजावट घालणाऱ्या या माणसाला स्वतःला ती कधीच मिळाली नव्हती. त्यांच्या गावचं, धामापूरचं घर भाऊबंदांत सामाईक, त्यावर कुठली बँक कर्ज देणार? जन्म भाड्याच्या खोलीत गेला. नोकरीच्या अखेरीस त्यांनी गावातच जागेचा तुकडा घेतला, कर्ज काढलं आणि चिऱ्याचं घर बांधायला घेतलं. मार्चअखेर घर पूर्ण झाल्याचा दाखला हातात आला, तरच त्या वर्षीचं व्याज वजा होणार होतं. आणि मार्चअखेरच तात्या निवृत्त होणार होते. पुढे पेन्शनची रक्कम कर बसण्याएवढी नव्हतीच, म्हणजे आयुष्यात एवढीच एक संधी.

घर फेब्रुवारीतच उभं राहिलं. पण देवीचा कौल घेतल्याशिवाय आमच्याकडे नव्या घराचं काही पुरं होत नाही. गुरवाने देवीला फुलाच्या पाकळ्या लावल्या, आणि पडली ती डावी, म्हणजे देवीचा नकार. पुन्हा लावल्या, तर पाकळी हलेचना. तात्यांची बायको, आमच्या काकी, भाड्याच्या खोलीत सामान बांधून बसल्या होत्या. मार्च सरत आला तसा माझा धीर सुटला.

"तात्या, दाखला घेऊन ठेवा. राहायला मागाहून जा. कोण बघतंय?"

"देवीन हां म्हटल्याशिवाय घर पुरा झाला म्हणून सांगू? खोटी वजावट मी कोणाक दिलंय नाय, आता स्वतः घेव?"

कौल उजवा मिळाला एप्रिलमध्ये. मला देवीचा खरोखर राग आला होता. काकी मात्र हसून म्हणाल्या, "देवीक मार्चएंड नसता, रे."

पुढे निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षाचं रिटर्न भरायला तात्यांनी मला धामापूरला बोलावलं. नव्या पडवीत बसून मी लॅपटॉप उघडला. पेन्शन भरली, कर शून्य आला. "आता व्याज घाल," तात्या म्हणाले.

"कशाला? कर आधीच शून्य आहे."

"घाल तू."

व्याज घातलं. कर शून्यच राहिला. तात्या पडद्यावर वाकून कितीतरी वेळ बघत राहिले, वाचता येऊ लागलेल्या पोरासारखे.

"काय्येक कमी झाला नाय, तात्या," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं.

"नाय होवंदे. माझा स्वतःचा घर आसा, ह्या सरकाराक कळला मा? धाड आता."

मी धाडलं.