नील्साचं आठवं गाणं

नील्सा शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचा भात शिजवते आणि उरलेल्या वेळात गाते. लोइझा गावातल्या या गल्लीत तिला ओळखत नाही असं कुत्रंही नाही. रेगेटोन या इथल्या नाचाच्या संगीतात पुरुषांनी बायकांच्या कमरेवर ढीगभर गाणी केली. कमरेचं म्हणणं काय, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. नील्सानं कमरेच्याच बाजूनं अख्खा अल्बम लिहिला. सात गाणी झाली होती. आठवं राहिलं, आणि रेकॉर्डिंग करणारा ओमी उद्या सकाळी सगळं सामान घेऊन कायमचा ऑर्लँडोला निघाला होता.

त्यात वीज गेलेली, तिसरा दिवस. ओमीची यंत्रं बॅटरीवर चालत होती, पण घरोघरच्या जनरेटरची घरघर माइकमध्ये घुसत होती. नील्सा ज्यात उभी राहून गायची त्या कपाटाला आतून गाद्या लावून पाहिल्या. तीच घरघर.

नील्सा भर दुपारी रस्त्यात उभी राहिली. "अर्धा तास बंद करा रे! पंख्यावाचून मरत नाही कुणी!"

"बिअर गरम झाली तर तू पिणार का?" कुणीतरी ओरडलं.

"पिते! आधी बंद कर!"

एकेक करत सगळे जनरेटर बंद झाले. शेजारच्या म्हाताऱ्या एफ्राइनचा, ज्याला सगळे आदरानं डॉन म्हणत, तेवढा चालूच. ती तावातावानं त्याच्या दारात गेली आणि तिथंच थबकली. आत म्हाताऱ्याची बायको ऑक्सिजनच्या यंत्राची नळी नाकाला लावून पडली होती.

"बंद करतो, पोरी," एफ्राइन उठला. "दहा मिनिटं काढेल ती."

"हात तर लावून बघा, डॉन एफ्राइन! मोडून ठेवीन!"

ती परत आली तेव्हा ओमीनं डोकं धरलं. "मग संपलं, नील्सा."

"संपलं कसं? ती घरघर कुठल्या सुरात आहे ते बघ."

त्यानं कीबोर्डवर शोधलं. "तुझ्या पट्टीपेक्षा बरीच खाली."

"मग गाणं खाली आण."

"आवाज बसेल तिथं."

"पोरांवर ओरडून तो केव्हाच बसलाय. लाव ठेका!"

कपाट सोडून ती खिडकीपाशी उभी राहिली आणि गायली, जाड, खालच्या आवाजात. ठेका फक्त तिच्या हेडफोनमध्ये होता, तरी रस्त्यावरच्या बायकांच्या कमरा बरोबर तालात हलायला लागल्या.

"घेतलं!" ओमी ओरडला.

तेवढ्यात एफ्राइन खिडकीखाली आला. "बायको म्हणतेय, शेवटचं कडवं नीट ऐकू नाही आलं."

"असं म्हणाली? ओमी, पुन्हा लाव."

अल्बमवर आहे ते हे दुसऱ्यांदा गायलेलं.