भावोजींचा परवलीचा शब्द

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, विद्यापीठाच्या सुट्टीतल्या बालशिबिराचे सुरक्षाप्रमुख आहेत. जन्मभर त्यांनी कुलगुरूंच्या पुढे पुढे केलं, त्याचंच हे बक्षीस. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी आणि चेहऱ्यावर असा भाव, की ही सगळी मुलं जणू यांच्याच कृपेने श्वास घेतायत.

संध्याकाळी मुलं घरी सोडताना त्यांनी एक नियम केला. जो परवलीचा शब्द सांगेल, त्याच्याच हाती मूल सोपवायचं. कल्पना चांगली होती, म्हणजे ती त्यांची नसणार. पण प्रत्येक घराला वेगळा शब्द द्यायचा तर डोकं चालवावं लागतं. यांनी सरसकट सगळ्यांना एकच शब्द देऊन टाकला, ‘कासव’.

काल मी माझ्या लेकीला आणायला गेले, तर फाटकावर ही गर्दी! निम्मे आईबाप शब्दच विसरले होते. भावोजी वैतागले. त्यांनी सरळ माईक घेतला आणि रस्त्यापलीकडच्या सलूनमध्येही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “पालकहो, शब्द कासव आहे, कासव! पटापट बोला आणि मुलं घेऊन जा!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लेकीचा हात घट्ट धरला आणि विचारलं, “भावोजी, तुमची नात कुठे दिसत नाही शिबिरात?”

“छे गं,” माईक खाली ठेवत ते म्हणाले, “एवढ्या गर्दीत पोरांकडे लक्ष कोण देतंय?”