पुठ्ठ्याचं यंत्र

आमच्या कारखान्यात नवं यंत्र आधी पुठ्ठ्याचं येतं. खऱ्याच मापाचं, खोकी जोडून उभं केलेलं. ज्यांना पुढे त्यावर राबायचंय त्यांनी आठवडाभर त्याच्याशी भातुकली खेळायची, मगच पोलादाला हात घालायचा. बाहेरचे हसतात. हसू देत.

गुनव्होर मात्र त्या आठवड्यात हसत नव्हती. कित्येक वर्षं आम्ही दोघी शेजारी उभ्या राहून घरं उबदार ठेवणारे हीटपंप जोडत आलो. जड कॉम्प्रेसर उचलून बसवायचं काम तिचं. त्यात तिचा उजवा खांदा कामातून गेला. या यंत्रानं भागलं नाही, तर जूनमधल्या मिडसमरच्या सणानंतर ती परतणार नव्हती. दुसरं काम तिला येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हवंही नव्हतं.

इंजिनिअर सिक्स्टेननं तिला पुठ्ठ्याच्या केबिनमध्ये बसवलं. "हे बटण दाब. बाकी सगळं यंत्र करेल."

तिनं दाबलं. पुन्हा दाबलं. मग मान बाहेर काढून म्हणाली, "खांदा वाचला रे, पण मी दिवसभर बोलू कुणाशी? या बटणाशी?"

"त्याला बोलू तरी देशील का तू?" मी म्हटलं.

"तू गप्प बस गं!" म्हणत तिनं सुरी घेतली आणि समोरची भिंत टराटरा कापली. "वजन यानं उचलावं. बसवणार मी. नीट बसला की तळव्यांना कळतं. ते सुख मी याला देणार नाही."

सिक्स्टेनचा चेहरा उतरला. कित्येक महिने खपला होता तो. मला वाटलं, आता चिडणार. त्यानं तिच्या हातातली सुरी घेतली, गुडघ्यांवर बसला आणि विचारलं, "आणखी किती खाली कापू?"

हिवाळा गुनव्होरनं गोळ्या खाऊन काढला. वसंतात पोलादी यंत्र आलं. समोर भिंत नव्हती. पहिला कॉम्प्रेसर त्यानं अलगद उचलला, तिच्या कमरेपाशी आणून थांबलं, आणि तिनं नुसता तळवा टेकवताच हलकेच पुढे सरकलं. एवढं अवजड धूड माणसाची वाट बघत थांबलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे आपापली कामं सोडून बघतच राहिलो.

पाळी संपली तरी कुणी घरी जाईना. गुनव्होरनं हातमोजे काढले, खांदा एकदा गोल फिरवून पाहिला आणि आमच्याकडे वळली.

"काय बघताय सगळे? उद्या कामावर यायचं नाही का आपल्याला?"