‘येतो’ म्हणण्याची पंचाईत

आमच्या ह्यांना मला सोडून कुणालाही नाही म्हणता येत नाही.

निवृत्त झाल्यापासून करभरणीचा हंगाम आला की हे वाचनालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बसतात. ज्यांना कर सल्लागार परवडत नाही, त्यांची विवरणपत्रं फुकट भरून देतात. शिंपी, रखवालदार, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, सगळे ह्यांचेच. त्या दिवसांत घरात जेवण गार होतं आणि मी गरम.

पण आता डोळे साथ देईनात. नेमकं मधलंच धूसर दिसतं, कडा तेवढ्या स्वच्छ. गेल्या खेपेला एका नर्सबाईंच्या विवरणपत्रात ह्यांनी शिंप्याचं उत्पन्न भरून ठेवलं. बिचारीला रजा टाकून कर कार्यालयाचे खेटे घालावे लागले. तरी ती ह्यांना एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच ह्यांच्या जिव्हारी लागलं. आणखी कुणाचं नुकसान होण्याआधी थांबायचं, असं ह्यांनीच ठरवलं. मी देवापुढे दिवा लावला. म्हटलं, सुटले बाई.

कुठलं काय. हे निरोप घ्यायला गेले, सगळ्यांची विचारपूस केली आणि निघताना म्हणाले, ‘बरंय, येतो.’ घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणू नये, हे जिभेवर बसलेलं. ग्रंथपालबाईंनी ते ‘येतो’ अक्षरशः घेतलं. आज सकाळी माझा जप चालू असताना त्यांचा फोन: काकांचं टेबल मांडलंय, माणसं येऊन बसलीत.

“अहो, तुम्ही येणार नाही असं सांगितलं नाहीत?”

“सांगणारच होतो. मग त्यांनी चहा दिला.”

कपाळाला हात लावला आणि ह्यांच्याबरोबर निघाले. एकट्याला पाठवलं तर पुन्हा चहाच पिऊन येतील.

पाहते तर पहिल्याच खुर्चीत नर्सबाई, कागद मांडीवर घेऊन. ग्रंथपालबाई म्हणाल्या, आलेली माणसं तेवढी उरका, मग थांबा. ह्यांनी कागद हातात घेतलासुद्धा. मी आता काहीतरी बोलणार, तेवढ्यात तो परत देत हे म्हणाले, “बाई, मला आकडे दिसत नाहीत. गेल्या खेपेला तुमचं विवरणपत्र माझ्या हातून चुकलं ते घाईने नव्हे, डोळ्यांमुळे.”



“माहीत होतं मला,” नर्सबाई म्हणाल्या. “कागद नाकाशी धरत होतात. पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. आता तुमचं स्वतःचं कोण भरणार?”

ह्याचा विचार ह्यांनी केलाच नव्हता. शेजारच्या टेबलाशी बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई बसतात, त्याही लोकांची विवरणपत्रं भरून देतात. हे गुमान त्यांच्यासमोर लोकांच्या रांगेत जाऊन बसले. बाई म्हणाल्या, आधी कागद आणा. आजवर प्रत्येकाला दारातच ‘कागद आणलेत ना?’ असं विचारणारा हा माणूस माझ्याकडे बघायला लागला.

“अगं, जरा घरून आणतेस? कपाटात असतील. नाहीतर पलंगाखालच्या पेटीत.”

मी उठले. चपला घालताना जे पुटपुटत होते, ते नर्सबाईंना नामस्मरण वाटलं असेल. वाटू दे.