पंचमीची रजा

यमुनाबाई गेल्याचं मला कार्डानं कळलं, आणि तेही तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. कार्ड त्यांच्या भावानं रहिमतपूरहून टाकलेलं. तीनच ओळी. 'ताई गेली. लय सोसलं तिनं. तिच्या वहीत तुमचा पत्ता सापडला म्हणून कळवतो.' मी ड्युटीवर निघाले होते, बस चुकली असती, म्हणून कार्ड पर्समध्ये टाकलं आणि गेले. दिवसभर रोग्यांचं केलं. संध्याकाळी घरी येऊन कणीक भिजवली आणि परातीसमोर बसल्या जागी रडले. दिवसभर रडू आलं नव्हतं असं नाही. पण ड्युटीवर रडायचं नाही हे त्यांनीच शिकवलेलं. "रोग्यानं आपल्याकडं बघून धीर धरायचा असतो. आपण रडलो तर त्यानं बघायचं कुणाकडं?" असं म्हणायच्या.

नर्सवर सहसा कुणी लेख लिहीत नाही. लिहिलाच तर 'सेवेची मूर्ती', 'मायेची सावली' असले शब्द घालतात. बाईंना त्या शब्दांचा भयंकर तिटकारा. आमच्या दवाखान्यात एकदा कुणी पाहुणे भाषणाला आले आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना देवी म्हटलं, तेव्हा बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "देवीला आठवड्याची सुटी असते का, तेवढं विचारून घे." तेव्हा मी त्यांना देवीबिवी करणार नाही. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्या हातून झालेली एक चूक लिहावी लागते. त्या चुकीनं एका म्हाताऱ्या माणसाचा पाय कायमचा अधू झाला. बाईंचं त्यात काय गेलं, ते मात्र मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

सांगलीहून माधवनगरला जाणाऱ्या रस्त्याला एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना होता. पुढच्या बाजूला बाळंतिणी आणि तापाचे रोगी, आणि मागं चौदा खाटांची एक लांबट खोली. तिला सगळे 'मागला वॉर्ड' म्हणत. अर्धांगवायूचे, खुब्याचं हाड मोडलेले, जुन्या जखमांचे, लवकर बरे न होणारे आणि घरचे न्यायला न येणारे असे रोगी तिथं महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षं असायचे. यमुनाबाई त्या वॉर्डाच्या इनचार्ज. उंच, हडकुळ्या, चाळिशी ओलांडलेल्या. लग्न झालेलं नव्हतं. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावते एवढं कळलं की आलेली स्थळं मागच्या पावली परत जायची. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत, आणि त्यागाच्या गप्पाही कधी मारल्या नाहीत.

मी तिथं लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. शिराळ्याची, नुकतंच ट्रेनिंग संपवून आलेली, आणि आपल्याला सगळं येतं अशा तोऱ्यातली. पहिल्याच दिवशी एका आजींना मी उभ्या उभ्या पेज भरवत होते. बाईंनी मुकाट्यानं एक स्टूल आणून माझ्यामागं ठेवलं आणि म्हणाल्या, "बस. उभ्यानं वैरण टाकतात." मला राग आला होता, आजही आठवतो. मागल्या वॉर्डात करायचं ते काम तरी काय? दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची, पाठीला स्पिरिट आणि पावडर लावायची, चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही, भांडं द्यायचं, भांडं न्यायचं. यात शिकण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. दुष्काळाच्या सालात पाणी दिवसाआड टँकरनं यायचं. बाईंनी स्वतःच्या आंघोळीची बादली निम्मी केली, आम्हालाही करायला लावली, पण चादरी रोज धुवून घेतल्या. एक मुलगा दर रविवारी आईला बघायला यायचा आणि पायाशी नुसता उभा राहून जायचा. बाईंनी एकदा त्याच्या तळहातावर तेल ओतलं, "पाय चोळा जरा, मला दुसरीकडं जायचंय," म्हणाल्या आणि खरंच निघून गेल्या. त्यांची आणखी एक सवय होती. रोग्याला हात लावण्याआधी खाटेच्या दांडीवर बोटानं टकटक करायची आणि आपण काय करणार आहोत ते सांगायचं. शुद्ध नसलेल्यालासुद्धा. मला हसू यायचं. "त्याला कुठं कळतंय, बाई?" मी एकदा विचारलं. "तुला कळतंय ना, दुसऱ्याच्या अंगाला हात लावतीयस ते? मग झालं."

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची नागपंचमी. बाईंनी नऊ वर्षांत एकाही सणाची रजा घेतली नव्हती. त्या वर्षी त्यांचा भाऊ फौजेतून पेन्शनवर घरी आलेला, आणि त्यानं पत्र पाठवलं होतं, पंचमीला ये म्हणून. पंचमी म्हणजे बहिणीनं भावासाठी उपास धरायचा सण. बाईंनी पत्र दोनदा घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवलेलं मी बघितलं. "जाऊ का गं, कमल? एका दिवसाचा प्रश्न आहे. बघशील?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बाई, मी काय लहान आहे का?"

आदल्या संध्याकाळी बिरूआबांना प्लास्टर घातलं होतं. बिरूआबा जतकडचे मेंढपाळ, साठीच्या घरातले. मेंढरांमागं ओघळ उतरताना पाय सरकून नडगीचं हाड मोडलेलं. पुढच्या वॉर्डात जागा नव्हती म्हणून दोन दिवसांपुरते आमच्याकडं आले होते. तिकडं कानडी मुलूख जवळ, त्यामुळं आम्हा सगळ्या बायकांना ते 'अव्वा' म्हणायचे. नवीन प्लास्टर असलं की दोन दिवस बोटांवर डोळा ठेवायचा, हे कुठलीही नर्स झोपेत सांगेल. बोटं गार पडली, निळी झाली, बधिर झाली तर आत पाय सुजतोय, प्लास्टर त्याला आवळतंय. ते लगेच कापायला हवं. पंचमीच्या दुपारी दोन वाजता आबा म्हणाले, "अव्वा, लय आवळतंय. बोटं बधिर झाल्याती." मी बघितलं. बोटं गार होती, आणि फिकट निळी. ट्रेनिंगमध्ये शिकलेलं सगळं मला आठवलं. डॉक्टरांचा फोन नंबर ऑफिसच्या भिंतीवर होता, प्लास्टर कापायची मोठी कात्री कपाटात होती.

आणि पंचमी होती. शिराळ्याच्या पोरीला पंचमी म्हणजे काय ते शिराळ्याबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. त्या दिवशी आमच्या घरात विळीवर भाजी चिरत नाहीत, तवा चुलीवर चढत नाही, कात्रीला, सुईला हात लावत नाहीत. नाग दुखावतो. जन्मापासून एकाही पंचमीला मी काही कापलेलं नव्हतं. तरीही मी म्हटलं, "आबा, डॉक्टरांना बोलावते, प्लास्टर कापायला लागेल." आबा दचकलेच. हात जोडून म्हणाले, "आज नगं अव्वा, आज पंचमी हाय. आज काय कापत्यात व्हय? उद्याच्याला काप. एक दीस काडतो मी." आणि मला हायसं वाटलं. हे लिहायला मला फार जड जातंय, पण तसंच झालं. नको ते म्हणाले, मला फक्त ऐकायचं होतं. मी पायाखाली दोन उशा दिल्या, दुखायची गोळी दिली. डॉक्टरांना फोन केला नाही, कारण ते काय म्हणणार हे मला माहीत होतं. संध्याकाळी दुसऱ्या नर्सला वॉर्ड देताना एवढंच सांगितलं, की पाय दुखतो म्हणतात, उशीवर ठेवलाय.

सकाळी सातला येऊन बघते तर बोटं काळवंडलेली. मी पळत जाऊन फोन लावला. डॉक्टर आले, आणि त्यांच्या मागोमाग पहिल्या गाडीनं रहिमतपूरहून निघालेल्या बाईही आल्या. हातात आमच्यासाठी आणलेला पंचमीच्या पुरणाच्या दिंडांचा डबा होता, तो त्यांनी खिडकीत ठेवला तो तसाच राहिला. डॉक्टर प्लास्टर कापत होते आणि बाई आबांची टाच दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या.  पुढं दोन बोटं काढावी लागली. पाऊल लुळं पडलं ते पडलंच, टाचेला जखम झाली आणि दोन दिवसांसाठी आलेले बिरूआबा मागल्या वॉर्डाचे झाले.

बाईंनी रिपोर्टच्या वहीत सगळं लिहिलं. दुपारी दोनला रोग्यानं काय सांगितलं, नर्सला काय दिसलं, तिनं काय केलं नाही. त्याखाली लिहिलं, की इनचार्जनं रजेवर जाताना हाताखालच्या नर्सकडून बोटं तपासून घेतली नाहीत, ही इनचार्जची चूक. आधी स्वतः सही केली, मग पेन माझ्यापुढं धरलं. ट्रस्टच्या मंडळींनी दोघींना बोलावून झापलं. ही बातमी शिराळ्याला पोचली आणि माझे वडील, अण्णा, मला न्यायला आले. "बास झाली नोकरी. चल घरला." मीही ट्रंक भरलेलीच होती. बाई ड्युटीवर पुस्तकी बोलायच्या, पण अण्णांशी मात्र रहिमतपूरचं बोलल्या, "न्या की अण्णा. पर तिचं एक काम ऱ्हायलंय, तेवढं करू द्या तिला."

काम म्हणजे आबांना सांगायचं. आबा तोवर सगळ्यांना सांगत होते, की तरणेपणी काठीनं एक नाग मारला होता, त्याचं हे फळ. पाय नागानं नेला. मी बाईंना म्हटलं, "ते स्वतःच नको म्हणाले होते. आता सांगून त्यांचा पाय येणार आहे का?" बाई पहिल्यांदाच चिडल्या. "त्यांना काय माहीत होतं, की नको म्हटलं तर पाय जाईल? तुला माहीत होतं. ते सांगायला तू तिथं होतीस. मग त्यांनी नको म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. आता तो म्हातारा जन्मभर त्या नागाची माफी मागत बसेल." मी आबांच्या खाटेशी गेले. बाई पलीकडच्या खाटेची चादर नीट करत होत्या, ती चादर आधीच नीट होती. मी दांडीवर टकटक केलं आणि सगळं सांगितलं. आबा ऐकत होते. मग म्हणाले, "तू शिराळ्याची न्हवं? मग तुला तरी कसं कापवंल, अव्वा." त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आता मेंढरांमागं जायाला यील का मला?" मी म्हटलं, "नाही, आबा." त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

अण्णा एकटेच परत गेले. बाई मला जा म्हणाल्या नाहीत, राहा म्हणाल्या नाहीत. ड्युटीच्या तक्त्यावर आबांच्या खाटेपुढं माझं नाव लिहिलं, बस. तीन आठवडे आबा माझ्याशी बोलले नाहीत. मी टाचेची जखम धुवायची, कूस बदलायची, स्टुलावर बसून चहा पाजायची. एक दिवस म्हणाले, "च्या गार हाय." मी पळत जाऊन गरम करून आणला आणि बाई मोरीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. दीड वर्षानं आबा कुबड्यांवर घरी गेले. टाच भरून आली होती. पाठीला त्या दीड वर्षात एकही जखम होऊ दिली नव्हती. मला आजवर कुणी बक्षीस दिलेलं नाही, त्याची मला गरजही वाटत नाही.

पुढं तो दवाखाना बंद झाला. मी साताऱ्याला आले, बाई दुसरीकडं नोकरीला गेल्या, आणि वर्षभरापूर्वी पोटाच्या दुखण्यानं भावाकडं येऊन पडल्या. हे मला कुणी कळवलं नाही. कार्ड आल्यावर पहिल्याच रविवारी मी रहिमतपूरला गेले. त्यांचे भाऊ ओसरीत बसले होते, मी त्यांना दादा म्हटलं. आतल्या खोलीतली बाईंची खाट अजून मोडली नव्हती. वहिनी मला पाठ कशी पुसायची ते दाखवू लागल्या, ताईंनी शिकवलं म्हणाल्या. पाच महिने बाई अंथरुणात होत्या, पण कातडीला ओरखडा नाही. आणि मग दादा म्हणाले, "तुमी तिच्याजवळ व्हतासा, म्हणून इचारतो. ती एका पंचमीला आली हुती. नऊ वर्सांनी. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेली, ती परत पंचमीला म्हणून कवा आली न्हाई. दिवाळीला यायची, जत्रंला यायची. पंचमीला बलावलं की म्हणायची, ड्युटी हाय. त्या टायमाला आमच्या हिनं तिच्या पान्याचा तांब्या येगळा ठिवला हुता. दवाखान्यात समद्यांचं घाण काढती म्हणून. तेच तिनं मनात धरलं. शेवटाला इचारायचं हुतं मला, जीभ रेटली न्हाई." दाराशी उभ्या वहिनी खाली बघत होत्या.

मी सांगितलं. बिरूआबांचं, कात्रीचं, मी कितव्या तासाला काय केलं नाही ते सगळं. पंचमीची रजा त्यांनी परत कधी घेतली नाही ती माझ्यामुळं, तांब्यामुळं नव्हे.  दादा म्हणाले, "मग एवढं मला सांगायचं न्हाई व्हय तिनं? मी सख्खा भाऊ. सा वर्सं मी..." त्यांनी दाराशी उभ्या वहिनींकडं बघितलं.

"सांगितलं असतं तर माझं नाव सांगावं लागलं असतं, दादा," मी म्हटलं. "वॉर्डातलं नाव त्या बाहेर काढत नसत."

त्यांनी ते काढलं नाही. म्हणून आज मी ते इथं लिहिलं आहे.