आधी साखर, मग तक्रार वही

"बेचाळीस," इमर्जन्सीतल्या डॉक्टरबाई मीटर बघून म्हणाल्या. "हायपोग्लायसेमिया."

म्हणजे रक्तातली साखर धोक्याच्या खाली जाणं. मेंदू साखरेवर चालतो. ती संपली की माणूस आधी घामाघूम होतो, मग बरळतो, मग बेशुद्ध पडतो. आणखी वेळ गेला तर उठतच नाही. डॉक्टरबाईंनी हे सगळं चार वाक्यांत सांगितलं आणि बाबांच्या हातात सुई घातली. मी पलंगाच्या दांडीला धरून उभी होते. माझ्या हातात अजून पेन होतं.

ज्यांच्या घरात कोणी इन्सुलिन घेतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमचं काय चुकलं आणि इस्पितळातल्या खाण्याच्या काउंटरवाल्यांचं काय चुकलं, दोन्ही सांगते.

बाबा भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात मशीन शॉपमध्ये आहेत. आम्ही टाऊनशिपच्या क्वार्टरमध्ये वाढलो. तिथे दिवस भोंग्यावर चालतो. भोंगा झाला की कॅन्टीन, कूपन दिलं की थाळी. या माणसाच्या हातात कूपन आलं आणि पाच मिनिटांत थाळी आली नाही, असं तीस वर्षांत झालेलं नाही.

त्यांना इन्सुलिन सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. सूचना साधी होती: जेवणाआधी अर्धा तास टोचायचं, मग जेवायचंच.

त्या दिवशी तपासणीसाठी शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेलो होतो. रक्त देऊन, रांगा लावून पावणेएक वाजला. घरून आणलेला डबा बाबांनी स्कूटरच्या डिकीत ठेवला होता आणि पार्किंग पार दुसऱ्या टोकाला. तळमजल्यावर फास्ट फूडचा काउंटर होता, बर्गर, सँडविच, पॅटिस. मी दोन सँडविच सांगितले. टोकन मिळालं, सत्तावन्न. ते मी बाबांना दाखवलं. त्यांनी खुर्चीत बसून शर्ट वर केला आणि पोटात सुई टोचून घेतली.

टोकन आलं म्हणजे जेवण आलं. हा हिशोब टाऊनशिपमधला माणूसच करू शकतो. आणि मी शेजारी बसून तो करू दिला.

पाऊण तास गेला. बोर्डवर एकावन्नच अडकलेला. पांढरे कोट येत होते, टोकनशिवाय पुड्या घेऊन जात होते.

मी काउंटरवर गेले. "भैया, सत्तावन्न?"

टोपीवाला मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "नंबर से आएगा."

"ये जो ले गए, उनका कौन सा नंबर था?"

"वो स्टाफ है. आप स्टाफ हो?"

"पेशंट हैं मेरे साथ. शुगर के."

"मैडम, अस्पताल है. यहाँ सब पेशंट ही आते हैं." मागे ग्रिलवर उभा असलेला हसला.

आता माझी गोष्ट. कॉलेजपासून मी पत्रकं लिहिते. कंत्राटी कामगारांसाठी, पाण्यासाठी, बंद पडलेल्या बससाठी. कुणी असं बोललं की माझ्या डोक्यात पत्रकाची पहिली ओळ तयार होते. मी तक्रार वही मागितली. नाही म्हणाला. मी आवाज चढवला, तेव्हा फ्रीजमागून काढून आपटली. काउंटरवर जागा नव्हती. साखरेच्या पुड्यांनी भरलेला एक स्टीलचा मग होता, तो मी बाजूला सरकवला आणि लिहायला लागले.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "पोरी, घाम येतोय गं."

मी म्हटलं, "एसी बंद ठेवलाय यांनी. तेही लिहिते."

आणि खरंच लिहिलं. पाचवा मुद्दा.

थोड्या वेळाने ते टोपीवाल्याला विचारत होते, "सेकंड शिफ्ट की बस गई क्या?" मला वाटलं, टोमणा मारतायत. बाबांचे टोमणे असेच, शांत असतात. टोपीवाला म्हणाला, "चाचा, बस स्टैंड बाहर है." मी हसू दाबून त्यांच्याकडे वळले.

त्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता. डोळे माझ्याकडे होते, पण मी त्यांना दिसत नव्हते. मी "बाबा" म्हटलं. त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

मग ते काउंटरला टेकून घसरत खाली बसले आणि मी ओरडले, "कुछ मीठा दो, कोल्ड ड्रिंक दो, कुछ भी."

टोपीवाला घाबरला होता, पण तोंडातून सवयीचंच निघालं. "उसका अलग टोकन लगेगा."

रांगेतल्या एका बाईंनी मला कोपराने ढकललं. भोपाळच्याच बाग सेवनिया भागातल्या होत्या, नवऱ्याला डायलिसिसला घेऊन आलेल्या, हे नंतर कळलं. त्यांनी त्या स्टीलच्या मगात हात घातला, चार पुड्या दातांनी फाडल्या, आपल्या बाटलीतल्या पाण्यात साखर ढवळली. "भाई साब, निगलो. निगल रहे हैं न? हाँ, एक घूँट और."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बेटा, लड़ना बाद में."

साखर माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर होती. पूर्ण वेळ.

डॉक्टरबाईंनी पुढे समजावलं ते लक्षात ठेवा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की तपासणीची वाट न बघता साखर द्यायची. माणूस गिळू शकत असेल तरच. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, उचलून इमर्जन्सीत न्यायचं. आणि ताट समोर नसेल तर सुई नाही. बाबांना आता वेगळं इन्सुलिन दिलंय, जेवायला बसतानाच घ्यायचं.

चौथ्या दिवशी मी परत गेले आणि तक्रार पूर्ण केली. स्टाफला आधी, पेशंटला नंतर, हे इस्पितळात चालणार नाही, असं लिहिलं. टोकन देताना जेवणाला किती वेळ लागेल ते सांगा, असं लिहिलं. शेवटी हेही लिहिलं की साखरेचा मग बाजूला सारून ही तक्रार लिहिली गेली. उत्तर आलंय, "नोंद घेतली आहे." मी पुन्हा जाणार आहे. त्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून डायलिसिसच्या बाकांवरही बघून येते. अजून भेटल्या नाहीत. हे कुणी त्यांना वाचून दाखवलं तर बरं.

बाबा कामावर जातात. खिशात साखर असते. "पोरगी उगाच घाबरते," असं आईला सांगतात.

मे महिन्यात भोपाळमध्ये घाम कुणाला येत नाही? पण बाबा म्हणाले, "गरम होतंय गं," की मी आधी साखरेच्या डब्याकडे जाते, पंख्याकडे नंतर.